उत्तर बरोबर, पण काम एकट्याचेच!

जुलैतल्या सकाळी घराबाहेर पडण्याआधी पनवेलकर मोबाइलवर पावसाचा इशारा पाहतात. गाढी नदीकाठच्या वस्त्यांना तर तो वेळेत मिळायलाच हवा. अशा अंदाजांसाठी पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेत सप्टेंबर २०२४ मध्ये 'अर्का' हा महासंगणक सुरू झाला. त्याची क्षमता ११.७७ पेटाफ्लॉप्स, म्हणजे सेकंदाला सुमारे ११,७७० लाख कोटी आकडेमोडी. मे २०२५ पासून देशाचा अंदाज १२ ऐवजी ६ किलोमीटरच्या चौकोनांत मांडला जातो. एका चौकोनाचे चार झाले, की गणितही किमान चौपट होते.

हे गणित एक प्रोसेसर करत नाही. हजारो प्रोसेसर ते वाटून घेतात. ही वाटणी प्रोग्रॅममध्ये लिहिण्याची एक प्रचलित पद्धत म्हणजे 'ओपनएमपी'. तिचा पहिला मसुदा १९९७ मध्ये फोर्ट्रान भाषेसाठी आला, तर सहावी आवृत्ती नोव्हेंबर २०२४ मध्ये. प्रोग्रॅमरच्या सूचना यंत्राच्या भाषेत उतरवणारा दुभाषा म्हणजे कंपायलर. अडचण अशी, की नियमावली पुढे धावते आणि कंपायलर मागून येतात. जीसीसी, क्लँग यांसारख्या मोफत कंपायलरांच्या माहितीपुस्तिकेतच कोणती सुविधा पूर्ण, कोणती अर्धवट आणि कोणती अजून नाही, याचे तक्ते असतात.

सुविधा नसल्याचे कंपायलरने स्पष्ट सांगितले, तर बरे. चुकीची वाटणी मात्र घातक ठरते. लग्नात आहेराची एकच वही दोघे लिहीत आहेत, असे समजा. बेरीज ५००. दोघांनी ती एकाच वेळी वाचली. एकाने १०१ मिळवून ६०१ लिहिले, दुसऱ्याने ५१ मिळवून त्यावरच ५५१ लिहिले. खरी बेरीज ६५२. अशी चूक शंभरातून एखाद्याच वेळी घडते, म्हणून चाचणी एकदा करून भागत नाही. प्रोसेसरांची संख्या बदलत ती पुन्हा पुन्हा करावी लागते.

दुसरा धोका याहून छुपा. कंपायलरने वाटणीची सूचना दुर्लक्षित केली, तर एकच प्रोसेसर सगळे काम करतो आणि उत्तर बरोबरच येते! फक्त उत्तर तपासणारी चाचणी अशा वेळी उत्तीर्ण होते. काम खरोखर किती जणांनी केले, ते ग्राफिक्स प्रोसेसरवर गेले का, हेही चाचणीने विचारायला हवे. अमेरिकेतील डेलावेअर विद्यापीठ आणि ओक रिज प्रयोगशाळा यांनी ओपनएमपीसाठी खास चाचणीसंच तयार केला आहे. एकेका सुविधेसाठी छोटे प्रोग्रॅम लिहून ते निरनिराळ्या कंपायलरांवर चालवले जातात.

तरीही सुविधांच्या परस्पर जोड्या इतक्या होतात, की प्रत्येक तपासणे शक्य नसते. म्हणून कंपायलर बदलला, की जुन्या निकालांशी ताळा करणे आणि लागलेला वेळ मोजणे गरजेचे ठरते. उद्याच्या पावसाचे उत्तर अचूक असूनही परवा मिळाले, तर नदीकाठच्या माणसाला त्याचा उपयोग नाही.