जिनसेची जबानी

भाईंदर स्थानकावर पूर्वेस उतरून नवघर रस्त्याने चालू लागलेल्या माणसास, हे गाव एके काळी मिठागरांच्या आणि खाजणांच्या शेजारी नांदत होते, त्याची ग्रामपंचायत १९८५ साली मीरा-भाईंदर नगरपरिषदेत विलीन झाली आणि २८ फेब्रुवारी २००२ रोजी त्या नगरपरिषदेचीही महानगरपालिका झाली, हा इतिहास कोणी सांगितल्यावाचून कळण्याजोगा आता उरलेला नाही. परंतु मोठा रस्ता सोडून औद्योगिक वसाहतीच्या एखाद्या गल्लीत शिरले, की पत्र्याची सर्कले कापणाऱ्या यंत्राचा ठोका, डायवर बसणाऱ्या दाबाचा धप्प आवाज आणि पॉलिशच्या चाकावरून उडणारी काळी भुकटी ही मात्र आपली ओळख आपणच पटवून देतात. स्टीलची भांडी घडविणाऱ्या लहानमोठ्या गाळ्यांसाठी भाईंदर पूर्वेचा हा टापू व्यापाऱ्यांत पुष्कळ वर्षांपासून ठाऊक आहे. घाऊक बाजारात हा माल नगावर नव्हे, वजनावर विकला जातो. टोपाचा आकार नंबरावरून सांगतात, पत्र्याची जाडी गेजावरून, आणि बाकीचे सारे गिऱ्हाईक भांडे हातात घेऊन, बोटाने वाजवून, काठावरून अंगठा फिरवून स्वतःच ठरविते. विकणाऱ्याने फारसे बोलावे लागत नाही, हाच या व्यवहारातील मोठा सुखाचा भाग.

जालन्याची एखादी गृहिणी रात्री ओटा आवरल्यावर मोबाइलवर 'पाच लिटरचे पातेले झाकणासह' असा शोध घेते, तेव्हा हे सुख संपते. तिला ना वजन कळते, ना नाद, ना काठाची धार. तिच्यापुढे येते ती त्या भांड्याविषयी कोणीतरी, कधीतरी, कोणत्यातरी रकान्यात भरून ठेवलेली जबानी, आणि तिच्याही आधी ती जबानी वाचतो एक असा कारकून, की ज्यास हात नाहीत, नवघर ठाऊक नाही आणि लिहिणाऱ्याच्या मनात काय होते याच्याशी काडीचेही कर्तव्य नाही. ऑनलाइन विक्रीची 'लिस्टिंग' म्हणतात ती हीच. आमच्या व्यापाऱ्यांची या बाबतीत जी फसगत होते ती बहुतेक सारी एकाच समजुतीतून होते, की लिस्टिंग हा जाहिरातीचा प्रकार आहे. वस्तुतः तिचे गोत्र दफ्तराशी जुळते. सातबाऱ्याच्या उताऱ्यास जसे अलंकार चालत नाहीत, तसे तिलाही ते चालत नाहीत.

दूरच्या गिऱ्हाइकास न पाहिलेल्या मालाची माहिती देणे हा उद्योग अर्थातच नवा नाही. शंकरराव किर्लोस्करांनी १९२० साली 'किर्लोस्कर खबर' काढले ते मुळात कारखान्याच्या मालाची वार्ता गिऱ्हाइकांपर्यंत पोचावी म्हणूनच; त्यातून पुढे मराठीतील एक थोर मासिक उभे राहिले, हा भाग वेगळा. यंत्राने वाचावयाच्या याद्यांची कथा मात्र अलीकडची. गूगलने २००२ च्या डिसेंबरात 'फ्रूगल' या नावाने वस्तूंचा स्वतंत्र शोध सुरू केला, तेव्हा दुकानदारांच्या याद्या विनाशुल्क स्वीकारल्या जात. २०१२ साली अमेरिकेत या व्यवस्थेचे सशुल्क जाहिरातींत रूपांतर झाले, २०१८ च्या डिसेंबरात गूगलच्या खरेदी-शोधाचे पान भारतातही आले, आणि २०२० साली विनाशुल्क नोंदींचे दार कंपनीने पुन्हा किलकिले केले. दुकानदार आपल्या मालाचा तक्ता, ज्यास 'फीड' म्हणतात, 'मर्चंट सेंटर' नावाच्या दफ्तरात दाखल करतो. त्यात प्रत्येक जिनसेस एक ओळ आणि प्रत्येक ओळीस क्रमांक, नाव, वर्णन, दुवा, छायाचित्र, किंमत, उपलब्धता, छाप असे रकाने असतात. ॲमेझॉन, फ्लिपकार्ट, मीशो यांचे नमुने निराळे; विचारणा मात्र थोड्याफार फरकाने तीच.

या रकान्यांत नावाचा रकाना सर्वांत महत्त्वाचा, आणि सर्वांत जास्त अत्याचार होतो तो त्याच्यावरच. गूगलच्या दफ्तरी त्यास १५० अक्षरांची मर्यादा आहे. पडद्यावर मात्र बहुधा पहिली सत्तर-एकच उमटतात, म्हणून जे सांगावयाचे ते आरंभीच सांगितले पाहिजे. 'बेस्ट क्वालिटी सुपर हेवी दिवाळी ऑफर फ्री डिलिव्हरी स्टील भांडे' या नावात वस्तूचे म्हणावेत असे शब्द दोन, तेही अखेरीस. शिवाय ऑफर आणि डिलिव्हरी यांची भाषा नावात येऊ नये असा नियमच आहे. 'स्टेनलेस स्टील टोप झाकणासह, ५ लिटर, व्यास २४ सें.मी.' हे नाव रुक्ष आहे खरे, पण शोधणाऱ्याने लिहिलेल्या शब्दांशी यंत्राला जुळणी करावयाची असते, रसास्वाद घ्यावयाचा नसतो. तीतही एक अडचण आमच्याच मुलखाने निर्माण करून ठेवलेली आहे : मुंबई-ठाण्याचा टोप पुण्याकडे पातेले होतो, मराठवाड्यात भगोणे आणि विदर्भात गंज. ही सारी नावे एकापुढे एक कोंबून नावाची आगगाडी करण्यापेक्षा मुख्य नाव एक ठेवावे आणि बाकीची वर्णनात, वाक्याच्या ओघात, एकेकदा यावीत. वर्णनास ५००० अक्षरांची ऐसपैस जागा आहे.

मापाचा प्रश्न याहून बिकट. बारा नंबरचा टोप म्हणजे किती लिटरचा, हे गाळ्यातील कारागीर नजरेने सांगेल, परंतु नंबर हे माप नसून धंद्याची खूण आहे. एका कारखान्याचा बारा नंबर दुसऱ्याच्या बाराशी जुळेलच असे नाही, आणि जालन्याच्या गृहिणीस तर नंबराशी कर्तव्यच नाही. छायाचित्रात वाटी आणि पिंप सारखेच दिसतात, म्हणून लिटर, सेंटिमीटर आणि ग्रॅम यांवाचून तिला गत्यंतर नसते. उपाय सोपा आहे, नि तरीही तो फार थोडे लोक करतात : रिकामे भांडे काट्यावर ठेवून काटा शून्यावर आणावा आणि काठोकाठ पाणी ओतावे, जितके किलो भरेल तितके लिटर. मात्र स्वयंपाकात कोणी टोप काठोकाठ भरीत नाही, म्हणून आकड्यापुढे 'काठोकाठ' हा शब्द लिहिणे हे सौजन्य नसून तपशीलच आहे.

परंतु जबानीची खरी परीक्षा होते ती धातूच्या रकान्यात. ज्यास ३०४ म्हणतात त्या स्टीलमध्ये सुमारे १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असते. २०० मालिकेच्या स्टीलमध्ये महाग निकेलचा अंश कमी करून मँगॅनीज वाढविलेले असते, त्यामुळे ते स्वस्त पडते आणि गंजास तोंड देण्याची त्याची ताकद उणी असते. दोन्ही पॉलिश झाल्यावर सारखीच लखलखतात. घरोघरी प्रसिद्ध असलेली लोहचुंबकाची परीक्षा येथे लंगडी पडते, कारण ही दोन्ही स्टीले बहुतांशी चुंबकास दाद देत नाहीत. चुंबक चिकटतो तो ४३० सारख्या निकेलविरहित जातीस, आणि नेमक्या याच कारणाने इंडक्शनच्या शेगडीवर चालणाऱ्या भांड्याच्या तळाशी चुंबकास ओढणारा धातू असावा लागतो. तेव्हा नुसत्या ३०४ च्या टोपाखाली 'इंडक्शनवर चालते' असे लिहिणारा आणि २०० मालिकेतील २०२ च्या डब्यावर '३०४' असे लिहिणारा यांच्यात मी फरक एवढाच करीन, की पहिल्याची लबाडी त्याच संध्याकाळी शेगडीवर उघडी पडते आणि दुसऱ्याची पडावयास काही पावसाळे जावे लागतात. भारतीय मानक ब्यूरोच्या आयएस १४७५६ या मानकानुसार स्टीलच्या भांड्यांस आयएसआय चिन्ह सक्तीचे करणारा आदेश केंद्र शासनाने २०२४ साली काढला, त्यामुळे हा रकाना आता केवळ सदसद्विवेकबुद्धीच्या हवाली राहिलेला नाही, हे बरेच झाले.

क्रमांकांच्या रकान्याविषयी मात्र गैरसमज फार. वस्तूवरील काळ्यापांढऱ्या पट्ट्यांचा दुकानातील पहिला उपयोग २६ जून १९७४ रोजी अमेरिकेच्या ओहायो राज्यातील ट्रॉय या गावी च्युइंगमच्या एका पुडक्यावर झाला. आज त्या पट्ट्यांखालचा तेरा अंकी क्रमांक ही वस्तूची जगभर चालणारी ओळख आहे. आपल्याकडे तो जीएस१ इंडिया ही संस्था देते आणि त्याची सुरुवात ८९० ने होते. ८९० म्हणजे भारतात घडलेला माल असे पुष्कळजण समजतात, ते चूक. क्रमांक भारतातून दिला गेला, एवढाच त्याचा अर्थ. घाईत एखादा तेरा अंकी आकडा मनानेच रचून रकाना भरून टाकण्याचा जो प्रघात आहे तो मूर्खपणाचा आहे, कारण तेरावा अंक हा आधीच्या बारांचा पहारेकरी असतो : त्या बारा अंकांस ओळीने एक, तीन, एक, तीन असे गुणून बेरीज करावी, ती पुढच्या दहाच्या पटीत पोचण्यास जितके कमी पडते तो तेरावा अंक. रचलेला आकडा दहांतून नऊदा येथेच पकडला जातो, आणि दहाव्या वेळी तो दुसऱ्याच कुणाच्या बिस्किटांचा निघण्याचा संभव असतो. नवघरच्या पुष्कळ गाळ्यांतून माल छापेवाचून बाहेर पडतो व पुढचा व्यापारी त्यावर आपले नाव उमटवितो. अशा मालास क्रमांकच नसेल तर तसे स्पष्ट नमूद करण्याची सोय दफ्तरात आहे.

छायाचित्राविषयी दोनच शब्द. चित्रावर दूरध्वनी क्रमांक, जलचिन्ह किंवा 'धमाका' असली अक्षरे असू नयेत हा नियम सर्वत्र सारखा. पण स्टीलची खरी पंचाईत निराळी आहे, कारण पॉलिश केलेला टोप हा आरसाच असतो आणि त्यात गाळ्याचे छत, ट्यूबलाइट आणि मोबाइल धरून वाकलेले शेठ हे सर्व यथासांग उमटतात. भांड्याभोवती पांढऱ्या कापडाचा आडोसा करून प्रकाश कापडाबाहेरून सोडला, की शेठ अदृश्य होतात.

इथवरचे काम एकदा करावयाचे. उरलेले रोजचे आहे, आणि दर्जाचा प्रश्न खरोखर उपस्थित होतो तो तेथेच. जबानी दिली त्या दिवशी खरी होती, एवढ्याने भागत नाही. गूगलच्या दफ्तरात नोंद ३० दिवस ताजी केली नाही तर तिची मुदत संपते. आणि त्याआधीही यंत्र वेळोवेळी दुकानाच्या संकेतस्थळावरील पानावर येऊन फीडमधील किंमत व पानावरील किंमत यांची रुजुवात घेऊन जाते. दोहोंत तफावत आढळली की ती जिन्नस नामंजूर होते, आणि असे वारंवार घडले तर सबंध खातेच तहकूब. आता स्टीलचा भाव हा काही वर्षभर स्थिर बसणारा गृहस्थ नव्हे. ८ मार्च २०२२ रोजी लंडनच्या धातुबाजारात निकेल टनामागे एक लाख डॉलरांपलीकडे उसळले आणि तेथील निकेलचे व्यवहारच थांबवावे लागले. अशी उलथापालथ झाली की ज्याच्या धातूत निकेल अधिक त्याच्या किलोच्या भावास आज ना उद्या तिची झळ लागते. घाऊक गिऱ्हाइकास नवा भाव तोंडी सांगून काम भागते. पण तोच भाव दुकानाच्या पानावर चढला आणि फीडमध्ये जुनाच राहिला, तर दोष निकेलकडे जात नाही.

उपलब्धतेचेही तसेच. धनत्रयोदशीला भांडे घेण्याची आपल्याकडे चाल आहे. त्या आठवड्यात गल्ल्यावरून परातींचे ढीग हातोहात जातात, वहीतून वजाही होतात, परंतु ऑनलाइन तक्त्यात त्या परातींपुढे 'शिल्लक आहे' हा शेरा तसाच उभा असतो, आणि दुसऱ्या दिवशी मागण्या रद्द करण्याची वेळ येते. दुकानाच्या पानावरच किंमत आणि शिल्लक यंत्रास वाचता येईल अशा साच्यात मांडून ठेवली, तर ते ती पाहून नोंदीत लहानसहान दुरुस्ती आपण होऊन करते. तरी वहीतील शिल्लक पानावर चढविणारा माणूस लागतोच, आणि त्या कामाची वेळ ठरलेली नसेल तर ते कोणाचेच नसते.

कायद्याचे कलम थोडक्यात सांगतो. वैधमापनशास्त्राच्या २०११ च्या आवेष्टित वस्तू नियमांत झालेली दुरुस्ती १ जानेवारी २०१८ पासून लागू झाली आणि निर्मात्याचे नाव-पत्ता, निव्वळ परिमाण, कमाल किंमत हे वेष्टनावरील तपशील विक्रीच्या पडद्यावरही दाखविणे बंधनकारक झाले. ग्राहक संरक्षणाच्या २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनी मूळ देशाचा उल्लेख आवश्यक केला आणि विक्रेत्याने ग्राहक बनून स्वतःच्याच मालाची स्तुती लिहिण्यास मनाई केली.

एवढे सारे बिनचूक केले म्हणजे आपली जिन्नस पहिल्या ओळीत येईल, असे आश्वासन मी देणार नाही, कारण दफ्तर ज्याच्या ताब्यात त्याचे हितसंबंधही दफ्तरात असतात. गूगलने शोधाच्या पानावर आपल्याच खरेदी-सेवेस अग्रस्थान दिले, या कारणास्तव युरोपीय आयोगाने २७ जून २०१७ रोजी त्या कंपनीस २४२ कोटी युरोंचा दंड केला, आणि तो १० सप्टेंबर २०२४ रोजी युरोपच्या सर्वोच्च न्यायालयाने कायम ठेवला. चुकीच्या नोंदीस मागे ढकलण्याचा अधिकार यंत्रास जरूर असावा. पण अचूक नोंदही ते कोणत्या कारणाने मागे ठेवते, हे लहान गाळेवाल्यास समजण्याचा मार्ग आजही अरुंद आहे.

म्हणूनच माझा आग्रह असा, की मूळ तक्ता गाळ्याच्या स्वतःच्या ताब्यात असावा. व्यवहारात आढळते ते उलट : लिस्टिंगचे काम महिना ठरवून एखाद्या एजन्सीकडे सोपविले जाते, खाते तिच्या ईमेलवर उघडले जाते, मापे तिच्याकडे कामास असलेला मुलगा चित्र पाहून अंदाजाने भरतो, आणि करार संपला की खाते, चित्रे आणि संकेतशब्द तिच्याबरोबरच निघून जातात. केंद्र शासनाच्या पुढाकाराने ३१ डिसेंबर २०२१ रोजी कंपनी म्हणून नोंदल्या गेलेल्या 'ओएनडीसी' या ऑनलाइन व्यापाराच्या खुल्या जाळ्यातही नाव, माप, किंमत, शिल्लक हेच प्रश्न पुन्हा विचारले जातात. तेव्हा स्वतःच्या ईमेलवर उघडलेले खाते, गाळ्याच्या संगणकावर ठेवलेली साधी स्प्रेडशीट आणि तीत पाणी भरून, काट्यावर तोलून लिहिलेले आकडे एवढी सामग्री जवळ असली, तर नव्या बाजारात शिरताना फक्त रकान्यांचा क्रम बदलावा लागतो. चारशे जिनसांचा तक्ता एकदम करण्याची गरज नाही. ज्या दहाबारा नंबरांवर गाळा चालतो, त्यांचे टोप आधी काट्यावर चढवावेत.