शिपाईमामांची घंटा आणि हुशार ऑफिस

अशी कल्पना करा, की गणिताचा तास ऐन रंगात आलाय. सर फळ्यावर प्रमेय मांडताहेत. इतक्यात दार करकरतं आणि शिपाईमामा आत येतात. वर्ग गरम झालाय की गार पडलाय, याचा अंदाज घेतात आणि निघून जातात. थोड्या वेळाने पुन्हा दार करकरतं, पुन्हा मामा! आता खरं सांगा, तुमचं लक्ष प्रमेयाकडे राहील की दाराकडे?

अगदी याच गोष्टीने एक शिक्षक वैतागले होते. त्यांचं नाव वॉरन जॉन्सन. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात व्हाइटवॉटर नावाचं गाव आहे. तिथे शिक्षक तयार करणाऱ्या विद्यालयात ते शिकवत. तिकडची थंडी म्हणजे हाडं गोठवणारी! वर्ग उबदार ठेवायचे, तर तळघरातल्या झडपा उघडायच्या किंवा मिटायच्या. पण कोणत्या वर्गाला किती ऊब हवी, हे तळघरात बसून कळणार कसं? म्हणून तिथल्या शिपायाला प्रत्येक वर्गात हिंडावं लागे.

जॉन्सनसरांनी यावर युक्ती काढली. दोन वेगवेगळ्या धातूंच्या पट्ट्या एकमेकींना घट्ट जोडल्या, की गंमत होते. उष्णतेने एक धातू जास्त प्रसरण पावतो, दुसरा कमी. त्यामुळे जोडपट्टी वाकते. वाकली की विजेचं मंडल पूर्ण होतं आणि दूर तळघरात घंटा वाजते! शिपायाला वर्गात यायची गरजच उरली नाही. १८८३ साली सरांनी या उपकरणाचं पेटंट घेतलं आणि १८८५ मध्ये मिलवॉकी शहरात कंपनी काढली. आज मोठमोठ्या ऑफिसांत हवा, दिवे, पंखे आपोआप चालतात ना, त्या कुळातला हा एक मूळपुरुष. आणि जन्म कुठे झाला? वर्गात!

छतावरचा पांढरा डबा

एखाद्या नव्या ऑफिसात किंवा बँकेत गेलात, तर वर छताकडे बघा. वाटीएवढा पांढरा डबा दिसेल. हा सेन्सर, म्हणजे संवेदक. तुम्ही खोलीत शिरलात, की दिवे लागतात. सगळे निघून गेले, की थोड्या वेळाने विझतात. याला डोळे असतात का? नाही. मग कळतं कसं?

आपलं शरीर गरम असतं. त्यातून सतत अवरक्त किरण बाहेर पडत असतात. आपल्याला ते दिसत नाहीत, पण संवेदकाला जाणवतात. त्याच्यावरचं खाचाखाचांचं भिंग खोलीचे जणू पट्टे पाडतं. तुम्ही एका पट्ट्यातून दुसऱ्यात गेलात, की उष्णता बदलते आणि संवेदक म्हणतो, ‘अरे, कुणीतरी आलं!’

पण इथेच मेख आहे. तुम्ही पुस्तकात डोकं घालून निश्चल बसलात तर? उष्णता बदलतच नाही. संवेदकाला वाटतं, खोली रिकामी आहे. फट्कन दिवे बंद! मग बिचाऱ्याला हात हलवून ‘मी आहे, मी आहे’ असं सांगावं लागतं.

म्हणूनच ऑफिसची अंतर्गत सजावट करणारे आता आधी संवेदकाचा विचार करतात. उंच कपाट मध्ये आलं, की त्यामागचा माणूस त्याला जाणवत नाही. साध्या काचेतूनही हे किरण पार जात नाहीत. तेव्हा कपाट कुठे, काचेची भिंत कुठे आणि डबा कुठे, हे सगळं एकाच कागदावर आखावं लागतं.

दुसरा संवेदक मोजतो उजेड. उजेड मोजायचं एकक लक्स. एका मेणबत्तीचा एक मीटरवर पडणारा उजेड म्हणजे साधारण एक लक्स. लिहिण्यावाचण्याच्या टेबलावर सुमारे ५०० लक्स असावेत असं मानतात. भर दुपारच्या उन्हात मात्र एक लाखाच्या आसपास लक्स असतात! मग खिडकीपाशी दुपारी दिवा कशाला? संवेदक तो मंद करतो. आतल्या अंधाऱ्या कोपऱ्यातला दिवा मात्र तेजच ठेवतो.

ॲमस्टरडॅमची इमारत

नेदरलँड्स देशातल्या ॲमस्टरडॅम शहरात २०१५ मध्ये ‘द एज’ नावाची ऑफिसची इमारत सुरू झाली. तिच्यात सुमारे २८ हजार संवेदक बसवले होते! अडीच हजार कर्मचारी आणि टेबलं मात्र हजाराच्या आसपास. घोटाळा व्हायला हवा, नाही का? पण सगळे एकाच वेळी कुठे येतात? सकाळी मोबाइलवरचं ॲप सांगायचं, आज तुमची जागा इथे. गाडी कुठे उभी करायची तेही तेच सांगणार. कुणाला किती उजेड आणि किती गारवा आवडतो, याचीही त्याला आठवण. ज्या भागात दिवसभर कुणी फिरकलं नाही, तिथे झाडलोट कमी. कामाची किती बचत पाहा!

छतावर आणि दक्षिणेच्या भिंतीवर सौरपट्ट्या. पावसाचं पाणी साठवून ते संडासांना आणि बागेला. आपल्याकडच्या विहिरी आटणाऱ्या गावांना हे शेवटचं वाचून जास्त आनंद होईल!

पण थांबा जरा!

यंत्राने सगळं ठरवलं, तर माणसाचं काय? दोन गोष्टी सांगतो.

पहिली गोष्ट गारव्याची. अनेक ऑफिसांत बायका शाल घेऊन बसतात आणि पुरुष म्हणतात, ‘मस्त हवा आहे!’ असं का? २०१५ मध्ये नेदरलँड्सच्या दोन शास्त्रज्ञांनी दाखवून दिलं, की ऑफिसच्या तापमानाचं गणित १९६० च्या दशकातलं आहे आणि ते चाळीस वर्षांचा, ७० किलो वजनाचा पुरुष डोळ्यांसमोर ठेवून मांडलेलं आहे. बायकांच्या शरीरात उष्णता कमी तयार होते, म्हणून त्यांना जास्त गार वाटतं. यंत्राने चूक केली नव्हती हं! त्याला शिकवणाऱ्यानेच निम्मी माणसं विसरली होती.

दुसरी गोष्ट लंडनची. जानेवारी २०१६ मध्ये ‘डेली टेलिग्राफ’ वर्तमानपत्राच्या कचेरीत पत्रकार सकाळी कामावर आले, तर प्रत्येक टेबलाखाली एक छोटा डबा! टेबलाशी कुणी बसलंय का, हे तो नोंदवत होता. वीज वाचवण्यासाठी हे केलं, असं व्यवस्थापनाने सांगितलं. पण न विचारता आपल्यावर पाळत? पत्रकार चिडले, त्यांच्या संघटनेनेही आवाज उठवला आणि त्याच दिवशी डबे काढावे लागले. डबा छतावरच्यासारखाच होता. फरक एवढाच, की छतावरचा विचारतो, ‘खोलीत कुणी आहे का?’ आणि टेबलाखालचा विचारतो, ‘अमुक माणूस जागेवर आहे का?’

जॉन्सनसरांची घंटा आठवा. तिने वर्गाची ऊब सांगितली. मुलांपैकी कोण चुळबुळ करतंय, हे नाही सांगितलं!

तुम्ही काय कराल?

उद्या शाळेत गेलात, की वर्गाचा नकाशा काढा. खिडक्या, बाकं, ट्यूबलाइट, पंखे, सगळं दाखवा. मग सरांच्या किंवा बाईंच्या परवानगीने एकेक बटण दाबून पाहा. कोणत्या बटणाने कोणते दिवे लागतात? अनेक ठिकाणी खिडकीजवळचा आणि आतल्या भिंतीजवळचा दिवा एकाच बटणावर असतो. म्हणजे आतल्या बाकावरच्या मुलांसाठी खिडकीतला दिवाही विनाकारण जळतो. खिडकीच्या रांगेतले दिवे एका बटणावर आणि आतले दुसऱ्या बटणावर असतील, तर संवेदकाशिवायही वर्ग हुशार होईल.

तो नकाशा मुख्याध्यापकांना दाखवा. आणि हो, तो काढण्याआधी शिपाईमामांना नक्की विचारा. कोणता वर्ग तापतो, कोणता गारठतो आणि कुठला दिवा उगाच जळतो, हे शाळेत त्यांच्याइतकं कुणालाच ठाऊक नसतं!