वाफसा हुकला की हंगाम हुकतो
पाऊस परतताना परसबागेत काय करायचं, आणि कधी

भाद्रपद सरत आला की एरंडोलचं ऊन बदलतं. सकाळी अंजनी नदीकडून ओलसर वारा येतो, पण दुपारी बाराला अंगणातल्या फरशीवर अनवाणी पाय टेकवत नाही. आठवड्यापूर्वी ज्या वाफ्यात पाऊल रुतत होतं, तिथे आज केसाएवढी भेग दिसते. परसबाग असलेल्या प्रत्येक घराने ही भेग वेळीच ओळखायला हवी. हिवाळ्यातल्या भाजीचा बराचसा निकाल याच दिवसांत लागतो.

आपली काळी माती भिजली की फुगते आणि वाळली की आक्रसते. आक्रसताना भेगा पडतात, त्यात बारीक मुळं तुटतात आणि खालची ओल त्याच वाटेने उडून जाते. फार ओली असताना तिला हात लावावा तर ती थापल्यासारखी घट्ट होते. या दोन टोकांच्या मधल्या मोजक्या दिवसांना शेतकरी वाफसा म्हणतात. वाफसा म्हणजे मातीत ओल आणि हवा दोन्ही बेताची असणं.

मुठीने करायची परीक्षा

चार बोटं खोलवरची माती घ्या आणि मुठीत दाबा. तिचा लाडू वळला पाहिजे. तो कमरेच्या उंचीवरून सोडा. पडल्यावर फुटून भुगा झाला तर वाफसा आला. नुसता चपटा झाला तर अजून दोन दिवस थांबा. लाडू वळलाच नाही तर उशीर झालाय. हलकं पाणी द्या आणि पुन्हा वाफसा येऊ द्या.

एका वर्षी मला धीर धरवला नाही. पाऊस उघडल्याच्या दुसऱ्याच दिवशी मी कुदळ घातली. आठ दिवसांत त्या वाफ्यात विटेसारखी ढेकळं झाली आणि मेथी फक्त कडेकडेने उगवली. तेव्हापासून मूठ वळून पाहिल्याशिवाय मी अवजाराला हात लावत नाही.

आधी खुरपं, मग खत

वाफसा आला की पहिलं काम निंदणीचं. गाजरगवत फुलावर येण्याआधी मुळासकट उपटा. फूल नसलेलं तण कंपोस्टच्या खड्ड्यात चालतं, बी धरलेलं नको. मग दोन बोटं खोल खुरपणी करा. वरचा भुसभुशीत थर झाकणासारखं काम करतो, भेगा बुजतात आणि खालची ओल खालीच राहते. ‘एक कोळपणी, अर्धं पाणी’ असं शेतकरी म्हणतात, ते परसातही तितकंच खरं आहे. त्यावर मूग-उडदाच्या भुसाचा किंवा वाळल्या पानांचा दोन-तीन बोटं जाड थर द्या. गणपतीतलं निर्माल्यही दोरा आणि प्लास्टिक काढून खड्ड्यात टाकता येतं.

या दिवसांत पानं पिवळी पडली की अनेक जण लगेच युरियाकडे वळतात. आधी मुळाशी पाहा. बरेच दिवस पाणी साचलं तर मुळांना हवा मिळत नाही आणि खत असूनही त्यांना ते उचलता येत नाही. पाण्याला वाट काढा, माती मोकळी करा, मग चांगलं कुजलेलं शेणखत द्या. कोवळी पानं पिवळी आणि त्यांच्या शिरा हिरव्या असतील, तर चुनखडीच्या जमिनीत लोह मिळेनासं झालेलं असतं. युरियाने ते भरून निघत नाही.

काय पेरायचं, किती अंतराने

2020 पासून हवामान खात्याच्या तक्त्यात मोसमी पावसाच्या परतीची सुरुवात राजस्थानातून 17 सप्टेंबरला धरली जाते. आपल्याकडून तो जाईपर्यंत ऑक्टोबर उजाडतो, आणि 27 सप्टेंबरच्या सुमारास लागणारा हस्त कधी कधी जोरात बरसतो. म्हणून सगळं बी एकाच दिवशी टाकू नका. मेथी, पालक आणि मुळा दहा-बारा दिवसांच्या अंतराने थोडाथोडा पेरा. एक पेरा पावसाने दडपला तरी दुसरा हाती राहतो, आणि भाजीही एकदम न येता टप्प्याटप्प्याने येते. मेथी महिनाभरात कापणीला येते. धने हलक्या हाताने रगडून दोन फाकी करा आणि रात्रभर भिजवून पेरा. कोथिंबीर उगवायला आठ-दहा दिवस घेते, तोवर वरची माती सुकू देऊ नका. लसणाच्या पाकळ्या ऊन उतरल्यावर, ऑक्टोबरच्या उत्तरार्धात, टोक वर ठेवून सात-आठ सेंटीमीटरवर लावा.

वांग्याला वेगळा मान हवा. जळगावच्या भरिताच्या वांग्याला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. पावसाळ्यात लावलेली झाडं आता फुलावर येतील. शेंडे माना टाकू लागले तर आत अळी आहे असं समजा. तेवढा शेंडा खुडून नष्ट करा, परसात अळी आवरायचा हा सगळ्यात सोपा उपाय आहे. रोपं अजून लावली नसतील तर सप्टेंबरअखेर गादीवाफ्यावर बी टाका, महिना-सव्वा महिन्यात लावणी करता येते.

मावा-तुडतुड्यांसाठी 50 ग्रॅम निंबोळीची भरड एक लिटर पाण्यात रात्रभर भिजवा, सकाळी गाळा आणि संध्याकाळी पानांच्या खालच्या बाजूने फवारा.

छाटणी आणि साचलेलं पाणी

पाऊस पूर्ण थांबला की गुलाबाची छाटणी करा. रोगट आणि आत वाढलेल्या फांद्या काढा. जाड फांदीच्या कापावर बोर्डो मलम लावा: 100 ग्रॅम मोरचूद, 100 ग्रॅम चुना आणि एक लिटर पाणी, पण धातूच्या भांड्यात नाही. कागदी लिंबाच्या बुंध्याला डिंक दिसला तर तेवढी साल खरवडून हाच लेप द्या आणि आळ्यात पाणी बुंध्याला टेकू देऊ नका. कुंड्यांखालच्या ताटल्या, फुटकी मडकी आणि जुने टायर आठवड्यातून एकदा रिकामे करा. डेंग्यूचा डास मुख्यतः स्वच्छ साचलेल्या पाण्यात वाढतो.

पुढच्या वर्षाचं बी

मांडवावरच्या गिलक्यांत एखादं सरळ, निरोगी फळ निवडा, देठाला दोरा बांधा आणि ते वेलीवरच वाळू द्या. माझी आजी पहिलं देखणं गिलकं स्वयंपाकघरात कधी आणत नसे, ते बियाण्याला राखायची. वाळून आत बी खुळखुळायला लागलं की ते राखेत कालवून डब्यात भरायची. घरातल्या सगळ्यांना तो दोरा माहीत असायचा, त्याला कुणी हात लावत नसे.

बी राखलं तरी ते उगवतं का, हे पेरणीआधी पाहावं लागतं. वीस दाणे ओल्या फडक्यात गुंडाळून तीन-चार दिवस ठेवा. पंधरा-सोळा उगवले तर बी चांगलं, दहाच उगवले तर दाट पेरा. आपल्या घरांत उगवणीची अशी परीक्षा दरवर्षी होतेच. घटस्थापनेला आपण मातीत गहू पेरतो, नऊ दिवस पाणी शिंपडतो आणि दसऱ्याला हिरवे-पिवळे तुरे टोपीत, केसांत खोवतो.

या वर्षी घटासाठी माती आणाल तेव्हा तिची एक मूठ वळून पाहा. लाडू वळून पडल्यावर फुटला, तर घट मांडून झाल्यावर त्याच दुपारी खुरपं घेऊन मागच्या दारी जा. दसऱ्याला तुरे खोवाल तोवर वाफ्यात मेथीनेही डोकं वर काढलेलं असेल.