पेटीतली मोडी कागदपत्रं जपा
दसऱ्याला सोनं वाटायची छत्तीसगडातली चाल बिंबाजी भोसल्यांनी आणली, असं इथे मानतात. रतनपूरहून ते १७८७ पर्यंत छत्तीसगडचा कारभार पाहत. मराठी-मोडी त्यांच्याच काळात दरबारी रुळली. राजधानी रायपूरला आली ती १८१८ मध्ये, इंग्रज अधीक्षक ॲग्न्यूमुळे.

राजांचं ठीक आहे, त्यांची नोंद होतेच. गावाचं काय? ते सापडतं शेतसाऱ्याच्या पावतीत, वाटणीपत्रात, घरच्या पत्रांत. असं काही असेल तर कृपा करून लॅमिनेशन करू नका, चिकटपट्टीही नको, कागद मरतो. दोन्ही बाजूंचा फोटो काढा, शेजारी मोजपट्टी ठेवा, गाव आणि कागद कोणाकडून आला ते लिहा. कागदांतली नावं कोणाची, ते आजीआजोबांकडून आताच विचारून घ्या.