तोच सांगाडा, नवी वीज

वाराणसीच्या डिझेल लोकोमोटिव्ह कारखान्याने 22 डिसेंबर 2017 रोजी एक धाडसी काम हाती घेतलं. मालगाड्या ओढणारी डब्ल्यूडीजी-3ए जातीची दोन जुनी डिझेल इंजिनं त्यासाठी निवडली होती. 28 फेब्रुवारी 2018 रोजी, म्हणजे अवघ्या 69 दिवसांत, तीच इंजिनं माथ्यावर पँटोग्राफ घेऊन, तारेतल्या विजेवर चालणारी होऊन कारखान्याबाहेर पडली. रेल्वेच्या आकड्यांनुसार प्रत्येकाची ताकद 2600 अश्वशक्तीवरून 5000वर गेली. दोघांची मिळून 10,000 अश्वशक्तीची जोडी झाली.

डिझेलचं इंजिन विजेचं झालं कसं? थक्क करणारी गोष्ट ही, की ते आधीपासूनच विजेचं होतं! त्याच्या पोटातलं सोळा सिलिंडरांचं अजस्र यंत्र चाकं फिरवतच नाही. ते फिरवतं अल्टरनेटर. त्यातून निघालेली वीज जाड केबलमधून खाली बोगीत उतरते आणि प्रत्येक आसावरची ट्रॅक्शन मोटर चाकांना गती देते. आपलं वीजघर आपल्यासोबत घेऊन धावणारं विजेचं इंजिन, हीच डिझेल इंजिनाची खरी ओळख. वाराणसीत ते वीजघर उतरवलं आणि त्या जागी ट्रान्सफॉर्मर व नवी विद्युत यंत्रणा बसवली.

यात वजनाचा हिशेब फार काटेकोर असतो. डब्ल्यूडीजी-3ए भरतं 123 टन. सहा आसांवर ते सारखं वाटलं, की प्रत्येक आसावर साडेवीस टन येतात. मालगाडीच्या इंजिनाला हे वजन हवंच असतं, कारण चाक आणि रूळ एकमेकांना टेकतात ती जागा जेमतेम रुपयाच्या नाण्याएवढी. पोलादावर पोलाद. त्या एवढ्याशा जागेतल्या पकडीवर हजारो टनांची गाडी हलवायची असते. म्हणून एक अवजड यंत्र काढून दुसरं बसवताना एकूण भार आणि त्याचा तोल दोन्ही सांभाळावे लागतात.

ही पकडच मालगाडीच्या इंजिनाचं सर्वस्व आहे, आणि नव्या विद्युत यंत्रणेची सगळ्यात मोठी किमयाही तिथेच दिसते. जुन्या इंजिनांतल्या मोटरी डीसी विजेच्या. अशा मोटरीचं झाकण उघडलं, की कॉम्युटेटर दिसतो. तांब्याच्या अरुंद पट्ट्या गोलाकार रचलेल्या असतात, दोन पट्ट्यांमध्ये अभ्रकाचा पातळ थर असतो आणि वरून कार्बनचे ब्रश सतत घासत असतात. ब्रश झिजतात, काळी पूड साचते, ठिणग्या उडतात. चढावर गाडी अडली आणि करंट चालूच राहिला, तर ब्रशखालच्या मोजक्या पट्ट्या तापून जळतात. अशा मोटरींच्या दुरुस्तीसाठी मध्य रेल्वेचा नाशिकरोडला स्वतंत्र कारखाना आहे, यावरूनच त्यांना किती जपावं लागतं ते कळतं.

तीन-फेज एसी मोटरीत ब्रशही नाहीत आणि कॉम्युटेटरही नाही. आत फिरणाऱ्या रोटरला एकही तार जोडलेली नसते. बाहेरच्या गुंडाळ्यांमध्ये चुंबकीय क्षेत्र गोल फिरतं आणि त्याच्या ओढीने रोटर मागोमाग फिरतो. रोटर क्षेत्राच्या किंचित मागे असतो, तोवरच त्याला जोर मिळतो. आता रूळ ओले आहेत आणि चाक घसरलं, असं समजा. चाकाचा वेग वाढतो, रोटर क्षेत्राला गाठू लागतो आणि जोर आपसूक कमी होतो. घसरणीला पहिला लगाम निसर्गनियमच घालतो! डीसी मोटरीत हे इतक्या चटकन होत नाही, तिथे घसरलेलं चाक भरधाव सुटू शकतं.

मग आधीच्या अभियंत्यांनी हीच मोटर का वापरली नाही? कारण तिचा वेग विजेच्या फ्रीक्वेन्सीवर ठरतो आणि एवढ्या प्रचंड विजेची फ्रीक्वेन्सी क्षणोक्षणी बदलणारी साधनंच तेव्हा नव्हती. सेकंदाला शेकडो वेळा उघडझाप करणारे शक्तिशाली सेमीकंडक्टर स्विच आले, त्यांचे इन्व्हर्टर बनले आणि हे कोडं सुटलं.

अमेरिकेत डीसीकडून एसीकडे जाण्याचा हा बदल फार मोठ्या प्रमाणावर झाला. नॉरफोक सदर्न रेल्वेने आपली डॅश-9 जातीची 4000 अश्वशक्तीची इंजिनं उघडली, डिझेल यंत्र दुरुस्त करून तेच ठेवलं आणि डीसी मोटरी काढून एसी मोटरी, इन्व्हर्टर आणि नवं नियंत्रण बसवलं. बाहेर पडलं 4400 अश्वशक्तीचं इंजिन. यातलं बरंच काम पेनसिल्वेनियातल्या ऑल्टूनाच्या जुन्या रेल्वे कारखान्यात झालं. 2022मध्ये युनियन पॅसिफिक रेल्वेने वॅबटेक कंपनीला आपली 600 जुनी इंजिनं नव्याने बांधायला दिली. करार होता 1 अब्ज डॉलरहून मोठा. ओढण्याची क्षमता 55 टक्क्यांनी वाढेल, असं कंपनीने सांगितलं.

बांधणीनंतर येते परीक्षा. आधी मेगर नावाचं मापक लावून केबलचं इन्सुलेशन तपासतात, कारण जुन्या पत्र्याच्या एखाद्या धारेवर नवी केबल घासली, तरी पुढे अनर्थ होतो. मग, डिझेल यंत्र कायम ठेवलं असेल तर, लोड टेस्ट. इंजिन जागेवरच उभं असतं, पण थ्रॉटल शेवटच्या, आठव्या नॉचवर. निर्माण होणारी सगळी वीज डायनॅमिक ब्रेकच्या रेझिस्टर जाळ्यांमध्ये सोडतात. जवळपास 3000 किलोवॅट वीज निव्वळ उष्णता होऊन पंख्यांच्या घोंघावत्या झोतातून आकाशात जाते. गाडी तसूभरही हलत नाही, तरी एकेक जोड, एकेक पंखा आणि एकेक स्विच पूर्ण ताकदीने तावून निघतो. त्यानंतरच रुळावर खऱ्या भाराची चाचणी.

या सगळ्यातून कळतं ते एवढंच: इंजिनातलं पोलाद आणि इंजिनातली वीज यांचं आयुष्य सारखं नसतं. सांगाडा आणि बोग्या नीट जपल्या तर अनेक दशकं टिकतात, विद्युत तंत्र मात्र दर पिढीत बदलतं. म्हणून जुनं इंजिन भंगारात काढण्याआधी त्याचं वय नव्हे, त्याचं पोलाद तपासावं. ते शाबूत असेल, तर नव्या विजेवर त्या इंजिनाचा पहिला हक्क आहे.