चाई : केसाच्या मुळाशीं चाललेला गृहकलह

एखाद्या मुलाच्या डोक्यावर रुपयाएवढा गोल व गुळगुळीत चट्टा पडतो, आणि घरांतील वडील माणसें म्हणतात, "चाई पडली." आपल्या प्राचीन वैद्यकांत यासच इंद्रलुप्त म्हणतात. केसांस कीड लागली, अशी समजूत पुष्कळ घरांत आढळते. मग त्या मुलाची फणी निराळी होते, उशी निराळी होते, आणि शाळेंत त्याच्या शेजारीं बसण्यास सोबती कचरतात. वस्तुतः येथें कीड नाहीं व संसर्गहि नाहीं. मग होतें तरी काय ? याचें उत्तर केसाच्या घडणींतच सांपडतें.

प्रथम निरोगी केस कसा असतो तें पाहूं. आपणांस दिसतो तो केस निर्जीव असतो. नखें व शिंगें ज्या केराटिन नामक कठीण द्रव्याचीं बनतात, त्याचाच तोहि बनलेला आहे. त्याच्या बाहेरच्या बाजूस घरावरील कौलांप्रमाणें एकावर एक बसलेले सूक्ष्म खवले असतात. त्यांच्या आंत सुंभाच्या पिळांसारखे लांबट तंतू असतात. केसाचें बळ व रंग हीं या थरांत राहतात. जाड केसांत अगदीं मधोमध मऊ गर हि असतो. जिवंत भाग काय तो त्वचेच्या आंत, कांद्याच्या आकाराच्या मुळांत असतो. तेथें नव्या पेशी सारख्या निर्माण होतात, कठीण बनतात व वर ढकलल्या जातात. डोक्यावरील केस अशा रीतीनें महिन्यास सुमारें १ सेंटिमीटर वाढतो. ही वाढ २ ते ६ वर्षें चालते. नंतर मूळ आक्रसतें, सुमारें ३ महिने विश्रांति घेतें, जुना केस गळतो व नवा उगवतो. म्हणून रोज ५० ते १०० केस गळाले तरी चिंता नको.

आतां चाईकडे वळूं. आपल्या रक्तांतील पांढऱ्या पेशी या शरीराच्या पहारेकरी होत. परक्या जंतूंस ओळखून त्यांचा नाश करणें हें त्यांचें काम. केसाच्या मुळास त्यांच्या नजरेपासून स्वाभाविक संरक्षण असतें. कांहीं माणसांत तें ढळतें. आनुवंशिकतेचाहि त्यांत भाग असतो. मग हे पहारेकरी घरच्याच माणसास चोर समजून त्यावर तुटून पडतात. सूक्ष्मदर्शकांतून पाहिलें असतां मुळाभोंवतीं त्यांची गर्दी मधमाश्यांच्या थव्यासारखी दिसते.

या हल्ल्यानें मुळाचें काम बिघडतें. पेशी नीट कठीण होत नाहींत, केस खालून बारीक होत जातो, आणि दुबळा झालेला तंतू त्वचेच्या किंचित् वर मोडतो. चट्टयाच्या कडेस असे आंखूड केस दिसतात. वर जाड व खालीं निमुळते, हुबेहूब उद्गारचिन्हासारखे! वरचा जाड भाग निरोगी दिवसांत घडलेला, खालचा बारीक भाग दुखण्यांत घडलेला. जणूं आपल्या आजाराची रोजनिशी केस स्वतःच लिहून ठेवतो. कांहीं केस तर बाहेर पडण्यापूर्वींच मोडतात व त्यांचे काळे ठिपके तेवढे दिसतात. पुष्कळदां नखांवरहि बारीक खड्डे पडतात.

आणखी एक नवल असें कीं, हा हल्ला विशेषेंकरून रंगीत केसांवर होतो. पांढरे केस बहुधा वांचतात. फ्रान्सची राणी मारी आंत्वानेत हिचा १७९३ सालीं शिरच्छेद झाला. तिचे केस एका रात्रींत पांढरे झाले अशी आख्यायिका आहे. वाढलेला केस एका रात्रींत रंग बदलत नाहीं. परंतु काळे केस झपाट्यानें गळून पांढरे तेवढे उरले, तर पाहणारास तसा भास होऊं शकतो. चाई बरी होऊं लागली म्हणजे प्रथम येणारे केसहि बहुधा मऊ व पांढरे असतात. जाडी व रंग मागाहून येतात.

हें शक्य होतें, कारण नवें मूळ घडविणाऱ्या पेशी थोड्या वर असतात व त्या सहसा वांचतात. म्हणून एकदोन लहान चट्टे पुष्कळदां वर्षभरांत आपोआप भरून येतात. कांहींचे मात्र डोक्यावरील सर्व केस जातात. अशांसाठीं नवीं औषधें निघालीं आहेत : अमेरिकेंत २०२२ सालीं प्रौढांकरितां बॅरिसिटिनिब व २०२३ सालीं १२ वर्षांवरील रुग्णांकरितां रिटलेसिटिनिब यांस मान्यता मिळाली. तीं डॉक्टरांच्या देखरेखीखालींच घ्यावयाचीं असतात. पालकांनीं लसूण किंवा मिरी चोळून कोवळी त्वचा भाजूं नये. बुरशीमुळें होणारें गजकर्ण डोक्यावरहि उठतें व तें मात्र संसर्गजन्य असतें. म्हणून चट्टा दिसतांच डॉक्टरांस दाखवावा.

पवित्र शास्त्रांतील लेवीय पुस्तकाच्या १३ व्या अध्यायांत त्वचारोग्यांस दूर ठेवण्याचे कडक नियम आहेत. परंतु नुसते केस गळालेल्या मनुष्यास तेथेंहि शुद्धच ठरविलें आहे. मग आपल्या वर्गांतील अशा सोबत्यास आपण कां दूर लोटावें ? त्याची टोपी ओढूं नका, त्याच्या बांकावर जागा मोकळी ठेवूं नका. केस परत येवोत वा न येवोत, मैत्री मात्र गळूं देऊं नये.