सत्तेचाळीस आणि नलवत्तेळु : बहुभाषिक वर्गातील गुणांचे वाचन

तौलनिक साहित्याच्या अभ्यासकाला दोन भाषांतील संहिता शेजारी ठेवून वाचण्याची सवय असते. या दोहोंमधील साम्य गृहीत धरता येत नाही, ते दाखवून द्यावे लागते, हे तो जाणतो. शालेय चाचण्यांच्या अहवालांपुढे मात्र हीच सावधगिरी गळून पडते. 'कन्नड माध्यमाची सरासरी इतकी, उर्दू माध्यमाची तितकी' असे वाक्य वाचताना त्यातील 'सरासरी' हा शब्द आपण निर्विवाद वस्तुस्थिती म्हणून स्वीकारतो. वस्तुतः या दोन सरासऱ्यांच्या मध्ये एक भाषांतर उभे असते. प्रस्तुत लेखात वर्गचाचणीच्या गुणांचे संख्याशास्त्रीय विश्लेषण कसे वाचावे याचा विचार केला आहे आणि त्या वाचनात भाषांतराचा हा दुवा कोठे येतो ते दाखविण्याचा प्रयत्न आहे.

उदाहरणादाखल बेंगळुरूमधील शिवाजीनगर घेतले आहे. १८०९पासून वसलेल्या ब्रिटिश छावणीचा हा भाग पूर्वी ब्लॅकपल्ली म्हणून ओळखला जाई. १९४९मध्ये छावणी आणि जुने शहर एका महापालिकेखाली आले. नावात शिवाजी असला तरी रसेल मार्केटच्या परिसरात मराठी क्वचितच कानी पडते. ऐकू येते ती दख्खनी उर्दू, तमिळ, कन्नड. गंमत अशी की येथील दख्खनीतील 'नक्को' आणि जोर देणारा '-इच' हे मराठीचेच देणे मानले जाते. म्हणजे मराठी या वस्तीत परक्या भाषेच्या पोटात राहून बोलते. अशा ठिकाणी एकाच इयत्तेतील मुले निरनिराळ्या माध्यमांतून शिकतात आणि पुष्कळांची घरची भाषा शाळेच्या भाषेहून वेगळी असते. गुणांच्या तुलनेसाठी याहून अवघड आणि म्हणूनच याहून बोधक भूमी सापडणे कठीण.

समजुतीसाठी एक कल्पित स्थिती घेऊ. तिसरीच्या दोन वर्गांना गणिताची २५ गुणांची एकच चाचणी दिली आहे. एकाचे माध्यम कन्नड, दुसऱ्याचे उर्दू. प्रत्येकी ३२ मुले. कन्नड वर्गाची सरासरी १४.२, उर्दू वर्गाची १२.६ आणि दोन्हीकडे प्रमाण विचलन ५. फरक १.६ गुणांचा. सरासरी पाहणारा येथेच थांबतो. परंतु ५ इतके प्रमाण विचलन असलेल्या ३२-३२ मुलांच्या दोन गटांत सरासऱ्यांच्या फरकाची प्रमाण त्रुटी १.२५ येते. म्हणजे मुले याच प्रकारच्या मोठ्या समूहातून यदृच्छया निवडलेली आहेत असे मानले, तर खरा फरक उणे ०.९ पासून ४.१ पर्यंत कोठेही असू शकतो. शून्य या पट्ट्याच्या आत आहे. संख्याशास्त्राच्या भाषेत हा फरक 'सार्थक नाही'. मात्र याचा अर्थ 'फरक नाही' असा नव्हे. उपलब्ध पुराव्यावरून तो ठरविता येत नाही, एवढाच. हे दोन अर्थ एकच समजणे ही अशा अहवालांच्या वाचनातील सर्वांत जुनी चूक आहे.

येथे आणखी एक गोष्ट दडलेली आहे. एका वर्गातील मुले परस्परांपासून स्वतंत्र नसतात. त्यांचा शिक्षक एक, फळा एक, पावसात गळणारे छप्परही एकच. गुणांतील एकूण विविधतेपैकी समजा पाचवा हिस्सा वर्गावर्गांतील फरकामुळे असेल, तर एका वर्गातील ३२ मुलांकडून मिळणारी माहिती जेमतेम चार-पाच स्वतंत्र मुलांइतकी भरते. शिवाय प्रत्येक माध्यमाचा एकच वर्ग असेल, तर माध्यमाचा परिणाम कोणता आणि शिक्षकाचा कोणता हे वेगळे करण्याचा मार्गच उरत नाही. एका कादंबरीवरून एका भाषेतील कादंबरीवाङ्मयाविषयी विधान करणाऱ्या समीक्षकाची जी अवस्था होईल, तीच ही.

आता सरासरी सोडून एका मुलाकडे वळू. चाचणीची विश्वसनीयता ०.७५ असेल (वर्गात तयार केलेल्या छोट्या चाचणीला ती याहून कमीही असते) तर एका गुणाची प्रमाण त्रुटी २.५ येते. १२ गुण मिळविणाऱ्या मुलाची खरी पातळी साधारण साडेनऊ ते साडेचौदा यांच्या दरम्यान असण्याची शक्यता तीनात दोन. परीक्षेतील या नशिबाच्या भागाचा पहिला पद्धतशीर हिशेब एफ. वाय. एजवर्थ यांनी १८८८ आणि १८९०मधील निबंधांत मांडला. लॅटिन गद्यलेखनाला निरनिराळे परीक्षक किती वेगवेगळे गुण देतात, हा त्यांच्या विवेचनातील एक आधार होता, हे साहित्याच्या अभ्यासकांनी ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

या त्रुटीचा व्यवहारातील परिणाम पूरक अध्यापनाच्या वर्गांत दिसतो. आपल्या कल्पित उर्दू वर्गातील तळाची आठ मुले निवडली, त्यांची सरासरी ४.६ होती आणि त्यांना महिनाभर जादा शिकवून पुन्हा तीच किंवा तिच्या तोडीची चाचणी दिली असे धरू. सरासरी ६.६ झाली. दोन गुणांची वाढ! अहवालात ती यश म्हणून नोंदली जाईल. परंतु विश्वसनीयता ०.७५ असता या आठ जणांची दुसरी सरासरी, काहीही न शिकवता, १२.६ मधून ८चा पाऊणपट वजा करून म्हणजे ६.६च अपेक्षित होती. तळाच्या गटात त्या दिवशी दुर्दैवी ठरलेली मुले अधिक प्रमाणात येतात आणि पुढच्या वेळी ती मध्याकडे परततात. गॉल्टन यांनी १८८६मध्ये आईबापांच्या व मुलांच्या उंचीच्या संदर्भात हे परतणे दाखविले होते. वरच्या आठ जणांच्या बाबतीत नेमके उलटे घडते आणि त्यांच्या शिक्षकावर उगाच ठपका येतो. तुलनेसाठी तितकाच दुर्बळ पण जादा न शिकविलेला गट ठेवल्याखेरीज हा भ्रम दूर होत नाही.

तथापि आपल्या विषयाच्या दृष्टीने खरी समृद्ध जागा एकूण गुणांच्या आत, प्रश्नाप्रश्नाच्या पातळीवर आहे. प्रश्नपृथक्करणात प्रत्येक प्रश्न किती टक्के मुलांनी बरोबर सोडविला ते पाहतात. यास काठिण्यमूल्य म्हणतात. समजा आपल्या चाचणीत प्रत्येकी एक गुणाचे तीन प्रश्न 'संख्या ऐका आणि अंकांत लिहा' या प्रकारचे होते आणि शिक्षकाने ४७, २९ आणि ६८ या संख्या उच्चारल्या. कन्नड वर्गात हे प्रश्न सरासरी ८० टक्के मुलांनी सोडविले, उर्दू वर्गात ३५ टक्के. प्रत्येक प्रश्नामागे ०.४५ गुणांचा फरक, तिन्ही मिळून १.३५. म्हणजे १.६च्या एकूण फरकापैकी उरलेल्या बावीस गुणांच्या वाट्याला केवळ ०.२५ येतो.

कागदावर ४७ हा ४७च असतो. शिक्षकाच्या तोंडी मात्र तो कन्नडमध्ये 'नलवत्तेळु' होतो : चाळीस आणि सात, अंक लिहिण्याच्या क्रमानेच. उर्दूत तो 'सैंतालीस' होतो. सात आधी, चाळीस मागून आणि दोन्ही एकमेकांत विरघळलेले. मराठी 'सत्तेचाळीस'ची गतही हीच. २९ कन्नडमध्ये 'इप्पत्तोंबत्तु', वीस आणि नऊ. उर्दूत 'उनतीस', मराठीत 'एकोणतीस', म्हणजे तीसला एक उणा. हा शब्द उकलण्यासाठी मुलाला वजाबाकीची जाणीव लागते किंवा शब्द सरळ पाठ असावा लागतो. ६८ हा 'अरवत्तेंटु' आणि 'अडसठ'. भारतीय आर्यभाषांतील शंभरपर्यंतचे संख्याशब्द शतकानुशतकांच्या ध्वनिपरिवर्तनाने घासून गुळगुळीत झाले आहेत. ते जवळजवळ एकेक करून शिकावे लागतात. द्राविडी भाषांत रचना पुष्कळ अंशी पारदर्शक राहिली. अर्थात तेथेही गाठी आहेत : तमिळमध्ये नव्वदसाठी 'तोण्णूरु' येतो, ज्यात शंभराचा शब्द ऐकू येतो, आणि नऊशेसाठी 'तोळ्ळायिरम्', ज्यात हजाराचा. तेव्हा ९४ किंवा ९३० विचारले असते तर अडखळण्याची पाळी तमिळ मुलावर आली असती. संख्या कोणत्या निवडल्या यावर माध्यमांचा क्रम बदलू शकतो.

महाराष्ट्रात हा प्रश्न २०१९मध्ये अकस्मात चव्हाट्यावर आला. बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'एकवीस, बावीस' यांच्या जोडीला 'वीस एक, वीस दोन' अशी वाचनपद्धती दिली गेली आणि वाद विधिमंडळापर्यंत पोहोचला. गणित विषयाच्या समितीचे अध्यक्षपद भूषविणाऱ्या मंगला नारळीकर यांनी या बदलामागे मुलांना जोडाक्षरयुक्त आणि उलट्या क्रमाच्या संख्यानामांत येणारी अडचण असल्याचे सांगितले. वादात भाषेच्या अस्मितेचाच सूर मोठा होता. बदल इष्ट होता की नाही, हा येथील मुद्दा नव्हे. एका भाषेचे संख्यावाचन गणिताच्या गुणांवर परिणाम करते, हे त्या पुस्तकाने मान्य केले होते आणि मापनाच्या दृष्टीने हे मान्य करणे मोलाचे होते.

असा प्रश्न चाचणीत सापडला की तो पक्षपाती ठरवून काढून टाकावा, असा सोपा मार्ग सुचतो. तो नेहमी बरोबर नसतो. आधी खात्री करावी लागते की हा फरक दोन गटांच्या एकूण पातळीतील फरकाची पडछाया तर नाही. त्यासाठी इतर प्रश्नांवर समान गुण मिळविणारी दोन्ही माध्यमांची मुले निवडून त्यांचीच तुलना करतात. ती समान पातळीची मुलेही या प्रश्नावर वेगळी वागली, तरच प्रश्न भाषेप्रमाणे रूप बदलतो असे म्हणता येते. येथपर्यंत संख्याशास्त्र नेते. त्यापुढे निर्णय अर्थाचा असतो. चाचणीला जे मोजायचे होते, त्यात हा फरक मोडतो का? दशमान पद्धतीचे आकलन मोजायचे असेल, तर श्रुतलेखनाचा प्रश्न त्याच्या आड येतो. संख्यावाचनच मोजायचे असेल, तर तोच प्रश्न योग्य आहे आणि उर्दू वर्गाची अडचण खरीच आहे.

हाच विवेक दख्खनीच्या संदर्भात अधिक नाजूक होतो. प्रमाण उर्दूत 'लडके ने रोटी खाई' येथे 'ने' अनिवार्य आहे. दख्खनीत तो बहुधा गळतो किंवा अनियमितपणे येतो. उर्दूच्या विषयचाचणीत 'ने'ची रिकामी जागा भरायला सांगणे समर्थनीय, कारण प्रमाण भाषा शिकविणे हे शाळेचे काम आहे. परंतु गणिताच्या शाब्दिक उदाहरणात कोणी कोणाला किती आंबे दिले हे केवळ 'ने' आणि 'को' यांवर अवलंबून असेल, तर शिवाजीनगरच्या मुलाची वजाबाकी आपण मोजत नाही. त्याच्या घरची बोली मोजतो आणि तिला शून्य गुण देतो. 'हे मूल उर्दू माध्यमात आहे' एवढ्या नोंदीवरून त्याची भाषा कळली असे समजणे हा या क्षेत्रातील मोठा आळस आहे.

मराठी आणि कन्नड या दोन भाषांच्या संदर्भात हा विचार नवा नाही. १९३०च्या दशकात, तेव्हाच्या मुंबई इलाख्यातील धारवाड येथे, व्ही. व्ही. कामत यांनी बिने-कसोटीची स्टॅनफर्ड आवृत्ती या दोन्ही भाषांच्या मुलांसाठी रूपांतरित केली. त्यांचा 'मेझरिंग इंटेलिजन्स ऑफ इंडियन चिल्ड्रन' हा ग्रंथ १९४०मध्ये प्रसिद्ध झाला. बिने-पद्धतीत प्रश्नाची जागा त्याच्या अर्थावरून ठरत नाही. कोणत्या वयाची मुले तो सोडवितात यावरून ती ठरते. म्हणून अशा कसोटीच्या भाषांतरात शब्दाला शब्द देऊन भागत नाही. काठिण्य नव्या भाषेत नव्याने शोधावे लागते. १९१६च्या स्टॅनफर्ड आवृत्तीत नऊ वर्षांच्या मुलासाठी यमके शोधण्याची कसोटी होती. इंग्रजीत यमक व्यंजनान्त अक्षरावर अडते, तर कन्नडमध्ये बहुतेक शब्द स्वरान्त असल्याने अन्त्यस्वराचा मेळ सहज जुळतो. नऊ वर्षांचा प्रश्न नऊ वर्षांचाच राहील असे कोणत्या आधारावर म्हणावे? अनुवादाच्या अभ्यासकाला हा प्रश्न परिचित वाटेल. कामतांची कसोटी पुढे अनेक दशके दवाखान्यांत वापरली गेली आणि एका पिढीच्या मुलांवरून ठरविलेली प्रमाणके पुढील पिढ्यांना लागू होत राहिली, ही तिची दुसरी बाजू.

मोठ्या सर्वेक्षणांत हा धोका आकाराने झाकला जातो. २०२१च्या राष्ट्रीय संपादणूक सर्वेक्षणात सुमारे ३४ लाख मुले होती आणि चाचण्या २२ भाषांत होत्या. एवढ्या संख्येत प्रमाण त्रुटी नगण्य होते. भाषांतरातील दोष मात्र तसूभरही कमी होत नाही, कारण तो यादृच्छिक नसतो. पिसा या आंतरराष्ट्रीय चाचणीत इंग्रजी व फ्रेंच अशा दोन मूळ संहितांवरून दोन स्वतंत्र अनुवाद करून मग त्यांचा मेळ घालण्याची पद्धत आहे. ती खर्चिक आहे, पण निदान समस्या कोठे आहे हे ओळखणारी आहे. तिच्या २००९च्या विस्तारित फेरीत तमिळनाडू व हिमाचल प्रदेश तळाच्या गटात आले. प्रश्नांचा सांस्कृतिक संदर्भ परका असल्याचा आक्षेप भारताकडून घेतला गेला आणि २०१२, २०१५ व २०१८च्या फेऱ्यांत भारत उतरला नाही. आक्षेपात तथ्य असू शकेल. परंतु कोणते प्रश्न, कोणत्या मुलांना, किती प्रमाणात परके वाटले, हे प्रश्नागणिक दाखविल्यावाचून तो आक्षेप म्हणजे केवळ तक्रार राहते. तळाचे स्थान जसेच्या तसे स्वीकारणाऱ्यांचे वाचनही तितकेच अपुरे.

आता आपल्या दोन कल्पित वर्गांकडे परत येऊ. १.६ गुणांच्या फरकावरून उर्दू वर्ग दुर्बळ ठरला, तर पालक मूल काढून इंग्रजी शाळेत घालतील. पट घटला की वर्ग दुसऱ्या शाळेत विलीन करण्याची भाषा सुरू होईल. तेच आकडे प्रश्नागणिक वाचणारी शिक्षिका मात्र तीन प्रश्न बाजूला काढील, 'सैंतालीस' ऐकून ७४ लिहिणारी मुले किती आणि काहीच न लिहिणारी किती ते मोजील आणि पहिल्यांसाठी 'चालीस और सात' असे फळ्यावर लिहून त्याच्या शेजारी 'सैंतालीस' लिहील. दुसऱ्यांना तिला आधी चाळीसपर्यंत मोजायला लावावे लागेल.